चिपच्या पोटातला ताप



आज मी बोलणार आहे चिपबद्दल. बटाट्याच्या नव्हे, मशीनमधल्या. विषय ऐकून कुणी रेडिओचा आवाज कमी करायला उठली असेल तर थांबा. हा प्रश्न मी आणलेला नाही. एका गटाच्या बैठकीत एका ताईनं विचारला होता. तिचा मोबाईल उन्हात राहिला. स्क्रीनवर सूचना आली, की फोन फार तापला आहे, थंड होऊ द्या. ताई म्हणाली, "फोन तापला हे फोनलाच कसं कळलं? माझ्या पोराला ताप आला तर मला त्याच्या कपाळाला हात लावावा लागतो. याच्या कपाळाला कोण हात लावतं?"

मी बीए झालेली बाई, विज्ञान शाळेत शिकले तेवढंच. पण हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून माहिती काढत गेले. आणि त्याच सुमारास आमच्या एका गटाच्या दूध शीतकरण केंद्रावर असं काही घडलं, की हा विषय नुसता गमतीचा राहिला नाही. ते पुढे सांगते. आधी चिप म्हणजे काय ते बघू.

चिप म्हणजे सिलिकॉनचा नखाएवढा तुकडा. काही चिपा त्याहून बऱ्याच मोठ्याही असतात. त्यावर कोट्यवधी बारीक बटणं कोरलेली असतात. दिव्याचं बटण चालू-बंद होतं तशीच, फक्त ती हातानं दाबायची नसतात, विजेनं दाबली जातात, आणि एका सेकंदात कोट्यवधी वेळा चालू-बंद होतात. त्यातूनच बेरीज-वजाबाकी होते, फोटो दिसतो, आवाज ऐकू येतो.

बहुतेक चिपा कारखान्यात जशा घडल्या तशाच जन्मभर राहतात. पण एक जात वेगळी आहे. तिचं नाव एफपीजीए, म्हणजे फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अरे. यातलं फील्ड म्हणजे शेत नव्हे बरं का, 'वापराच्या जागी' असा त्याचा अर्थ. कारखान्यातून बाहेर पडल्यावर, वापरणाऱ्याच्या टेबलावर तिची मांडणी ठरवता येते, म्हणून हे नाव.

ही चिप समजायला सगळ्यात सोपी गोष्ट आपल्या दारात आहे. ठिपक्यांची रांगोळी! ठिपके ठरलेले असतात, आठ बाय आठ म्हणा. पण कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा हे तुमच्या हातात. त्याच ठिपक्यांतून आज कमळ निघतं, उद्या मोर. एफपीजीएमध्ये ठिपके म्हणजे छोटे छोटे हिशेब करणारे ठोकळे, आणि रेघा म्हणजे त्यांना जोडणाऱ्या तारा. कोणती तार जोडायची, कोणती सोडायची हे बाहेरून लिहून देता येतं. अमेरिकेतल्या झायलिंक्स कंपनीनं 1985 मध्ये अशी पहिली चिप बाजारात आणली. रॉस फ्रीमन नावाच्या इंजिनिअरची ही कल्पना. त्या चिपमध्ये ठोकळे होते बरोबर 64. आठ बाय आठच. मी हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. आता त्याच कंपनीच्या 2019 साली जाहीर झालेल्या एका चिपमध्ये असे 90 लाख घटक आहेत. एवढ्या ठिपक्यांची रांगोळी घालायची तर अख्ख्या तालुक्याची अंगणं सारवावी लागतील.

रांगोळीशी आणखी एक बाबतीत जुळतं. यातल्या बहुतेक चिपांची वीज गेली की मांडणी पुसली जाते. वीज आली की शेजारच्या मेमरीतून वाचून ती पुन्हा घातली जाते. सकाळी झाडलोट करून नवी रांगोळी, तसंच.

ही चिप असते कुठे? मोबाईलच्या टॉवरवर असते, सोनोग्राफीच्या मशीनमध्ये असते. 2021 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचं पर्सिव्हरन्स नावाचं यान मंगळावर उतरलं, तेव्हा खाली खड्डा आहे की सपाट जागा हे फोटो बघून ठरवायच्या कामाला अशी चिप होती. मंगळ लांब राहिला, आपल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला त्या मोठाल्या जाळीच्या डिशा आहेत ना, 45-45 मीटर व्यासाच्या, तिथेही या चिपा आहेत. एकूण 30 अँटेना. त्यातल्या 14 मधल्या भागात जवळजवळ, आणि 16 तीन दिशांना लांबवर, शेताशिवारांत. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या पकडतात, मग तो संदेश फायबरच्या तारेतून मुख्य इमारतीत येतो, आणि तिथल्या नव्या यंत्रणेत त्या संदेशावर पहिली प्रक्रिया करायला एफपीजीएच्या पाट्या आहेत. कांद्याला पाणी देताना आपण ज्या डिशेकडे बघतो, तिचं म्हणणं आधी ही रांगोळी ऐकते.

आता ताप कुठून येतो? प्रत्येक बटण चालू-बंद होताना थोडी वीज खातं, आणि बटण बंद असतानाही थोडी वीज झिरपत राहते. नीट न मिटणाऱ्या नळासारखी. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर येते. एका बटणाचं काही नाही, पण कोट्यवधी बटणं नखाएवढ्या जागेत असली की तवा तापतो.

आणि तवा सगळीकडे सारखा तापत नाही, हे भाकरी थापणारीला सांगायला नको. चुलीतला जाळ एका बाजूला गेला तर भाकरी तिथे करपते आणि दुसऱ्या बाजूला कच्ची राहते. चिपमध्येही तसंच. जिथे काम जास्त, तिथे ताप जास्त. एक कोपरा तापलेला, दुसरा त्यापेक्षा कितीतरी थंड. साध्या चिपमध्ये कोणता कोपरा तापणार हे बनवणाऱ्याला आधीच माहीत असतं, तो तिथेच थर्मामीटर बसवतो. पण रांगोळीच्या चिपमध्ये आज कमळ, उद्या मोर. आज डावीकडे गर्दी, उद्या उजवीकडे. कारखान्यात बसून थर्मामीटर कुठे लावायचं हे ठरवणार कसं?

दुसरी अडचण व्होल्टेजची, आणि ती तर आपल्याला तोंडपाठ आहे. डीपीजवळच्या घरात पंखा गरगर फिरतो आणि वस्तीच्या शेवटच्या घरात तोच पंखा रडत रडत फिरतो. तार लांब, वाटेत खाणारे अनेक, म्हणून शेवटच्याला दाब कमी. सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की आणखी कमी. चिपच्या आत हेच होतं. चिपला लागणारं व्होल्टेज अगदी थोडं, साधारण 1 व्होल्ट किंवा त्याहूनही कमी. पण प्रवाह मोठा असतो, मोठ्या चिपमध्ये दहा-वीस अँपिअर किंवा त्याहून जास्त. आतल्या तारा केसापेक्षा कितीतरी बारीक. त्यामुळे एखाद्या भागातली बटणं एकदम कामाला लागली की त्या भागात व्होल्टेज क्षणभर खाली बसतं. क्षणभर म्हणजे आपल्या पापणीच्या हालचालीपेक्षाही हजारो पटीनं कमी वेळ.

मग बिघडतं काय? लोकांना वाटतं की चिप जळेल. जळेलही, पण त्याआधीची गोष्ट जास्त वाईट आहे. व्होल्टेज कमी झालं की बटणं मंद होतात. बहुतेक चिपांत ताप वाढला तरी मंद होतात. (अगदी नव्या, फार कमी व्होल्टेजच्या काही चिपांत तापल्यावर उलट वेग वाढतो, पण ते असो.) चिपमध्ये एक ठेका चालू असतो, भजनातल्या टाळासारखा. प्रत्येक ठेक्याला हिशेबाचं उत्तर तयार पाहिजे. बटणं मंद झाली आणि उत्तर ठेका पडेपर्यंत पोचलं नाही, तर चिप थांबत नाही, तक्रारही करत नाही. ती अर्धवट उत्तरच खरं धरते आणि पुढे चालू लागते. धूर नाही, आवाज नाही. चुकलेला आकडा पडद्यावर बरोबर आकड्यासारखाच दिसतो. सोनोग्राफीच्या पडद्यावर असं काही झालं तर? म्हणून ही मोजणी महत्त्वाची.

आता मोजतात कसं. एक रीत जुनी. सिलिकॉनच्या एका साध्या जोडावर, त्याला डायोड म्हणतात, ताप वाढला की व्होल्टेज दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टनं कमी होतं. ते मोजलं की ताप कळला. झायलिंक्सनं पुढे चिपच्या आतच असं मोजमाप करणारी जागा करून दिली. ती तापमान सांगते, आत येणारं व्होल्टेज सांगते, आणि ताप ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर चिप बंदही करू शकते. चांगलीच सोय. पण बऱ्याच चिपांत ही मोजणी एकाच जागी. म्हणजे पुन्हा डीपीजवळचंच घर.

दुसरी रीत मला फार आवडली. पाच जणी गोल करून उभ्या आहेत असं समजा. नियम एकच: शेजारणीनं हात वर केला की आपण खाली करायचा, तिनं खाली केला की आपण वर. पहिलीनं वर केला, दुसरीनं खाली, तिसरीनं वर, चौथीनं खाली, पाचवीनं वर. आता पाचवीचा हात वर बघून पहिलीला खाली करावा लागणार. मग दुसरीला वर, आणि असं चालूच. पाच ही विषम संख्या आहे, त्यामुळे हे कधी थांबतच नाही. बैठकीच्या शेवटी करून बघा, हसून हसून पोट दुखेल. सहा जणी घेतल्या तर मात्र खेळ लगेच थांबतो.

चिपमध्ये असा विषम संख्येचा गोल ठोकळ्यांचा करतात. रिंग ऑसिलेटर त्याचं नाव. तो थकत नाही, पण ताप वाढला की त्याच्या फेऱ्या मंदावतात. मग ठरलेल्या वेळात किती फेऱ्या झाल्या ते मोजायचं. फेऱ्या कमी, म्हणजे ताप जास्त. थर्मामीटर नाही, पारा नाही, नुसती मोजणी. आणि हा गोल चिपच्याच ठिपक्यांतून काढता येतो, म्हणून पाहिजे त्या कोपऱ्यात काढा, दहा कोपऱ्यांत काढा, पन्नास कोपऱ्यांत काढा. स्पेनमधल्या माद्रिदच्या संशोधकांनी 1997 मध्ये हे करून दाखवलं. पुढे त्यांनी असंही केलं, की मोजायच्या वेळेपुरता हा गोल चिपमध्ये काढायचा, आकडा घ्यायचा आणि पुसून टाकायचा. ती जागा पुन्हा कामाला मोकळी.

पुसायचं का, त्यालाही कारण आहे. हा गोल स्वतःच भराभर फिरतो, त्यामुळे तोही तापतो. सतत चालू ठेवला तर थर्मामीटरच ताप आणणार! म्हणून क्षणभर चालवायचा आणि बंद करायचा.

यात दोन पेच आहेत. पहिला असा, की सगळे गोल एकसारखे धावत नाहीत. कारखान्यातून येतानाच एक जरा चपळ, दुसरा जरा सुस्त. म्हणून आधी चिप माहीत असलेल्या तापमानाला ठेवून प्रत्येक गोलाची स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते, की या तापाला तुझ्या फेऱ्या इतक्या. आपण दुकानदाराचं वजन आपल्या वजनाशी ताडून बघतो, तसं. दुसरा पेच मोठा. व्होल्टेज कमी झालं तरी फेऱ्या कमी होतात, आणि व्होल्टेजचा परिणाम तापापेक्षा फार जास्त. मग फेऱ्या घटल्या त्या तापानं की व्होल्टेजनं? पोर मलूल दिसतं, ते तापानं की उपाशी आहे म्हणून? नुसत्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी दोन्ही गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, किंवा तापाला आणि व्होल्टेजला वेगवेगळा प्रतिसाद देणारे दोन प्रकारचे गोल शेजारी शेजारी ठेवून हिशेब सोडवावा लागतो.

व्होल्टेजचा तो क्षणाचा खड्डा पकडायला आणखी एक युक्ती आहे. रोजगार हमीच्या कामावर बायका रांगेत उभ्या राहून घमेली पुढे देतात ते आठवा. पहिल्या शिट्टीला पहिलीच्या हातात घमेलं दिलं, दुसऱ्या शिट्टीला सगळ्यांनी थांबायचं. घमेलं कितव्या बाईपर्यंत पोचलं ते बघायचं. सगळ्या जेवलेल्या असतील तर विसावीपर्यंत जाईल, दमलेल्या असतील तर पंधरावीलाच अडकेल. चिपमध्ये संदेशाला अशाच रांगेतून सोडतात आणि एका ठेक्यात तो कुठवर गेला ते वाचतात. प्रत्येक ठेक्याला नवं वाचन मिळतं, म्हणून अगदी थोडा वेळ व्होल्टेज बसलं तरी सापडतं.

आता काही नव्या चिपांत कारखान्यातच असे मोजणारे बिंदू चिपभर पेरून देतात. झायलिंक्स 2022 मध्ये एएमडी कंपनीनं विकत घेतली. त्यांच्या व्हर्सल नावाच्या चिपांत तसं आहे. आणि आपल्या त्या ताईच्या फोनचं उत्तर हेच. फोनमधली चिप रांगोळीची नसते, कायमची घडवलेली असते, पण तिच्याही पोटात अनेक जागी असे ताप मोजणारे बिंदू असतात. ताप वाढला की फोन आधी ठेका हळू करतो, म्हणून तापलेला फोन रखडत चालतो. मग चार्जिंग कमी करतो, आणि शेवटी सूचना देतो. फोन उशीखाली किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका, एवढं तरी यातून घ्याच.

एक गोष्ट मात्र ऐकून मी चरकले. मोठमोठ्या कंपन्या आपल्या केंद्रातल्या चिपा भाड्यानं देतात. एकाच चिपवर दोन भाडेकरू ठेवले तर? वस्तीवर दिवा जरा मंदावला की आपण म्हणतो, "त्यांची गिरणी चालू झाली." बघायला न जाता शेजारच्या घरातलं कळलं ना? तसंच चिपवरचा एक भाडेकरू आपल्या भागात असा गोल काढून व्होल्टेजचे चढउतार मोजू शकतो आणि त्यावरून दुसऱ्या भागात काय चाललंय याचा अंदाज बांधू शकतो. 2018 साली अमेरिकेत आणि जर्मनीत संशोधकांनी या वाटेनं शेजारच्या भागातली गुप्त किल्ली, म्हणजे माहितीला लावलेलं कुलूप उघडणारा आकडा, शोधून काढून दाखवला. अमेझॉननं आपल्या भाड्याच्या चिपांवर असे गोल काढायलाच बंदी घातली. काळजी घेण्यासाठी केलेलं साधन दुसऱ्याच्या हातात चोराचं कान होतं.

आता आमच्या दूध केंद्राचं सांगते. कंपनीचं नाव घेत नाही, त्याची गरज नाही.

आमच्या एका गटानं कर्ज काढून 500 लिटरचा कूलर घेतला. सकाळ-संध्याकाळ दूध गोळा करायचं, 4 अंशांपर्यंत थंड करायचं, मग टँकर येऊन नेतो. एका सकाळी टँकरवाल्यानं दूध तापवून तपासलं आणि ते फाटलं. सुमारे 300 लिटर दूध परत. कंपनीचा मेकॅनिक आला, त्यानं पॅनलवरचा आकडा बघितला, 4 अंश. म्हणाला, "मशीन बरोबर आहे. तुमच्यातल्याच कुणीतरी शिळं दूध मिसळलं असणार." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. 300 लिटरचं नुकसान परवडतं, पण गटात एकमेकींवरचा संशय परवडत नाही. दोघी जणी तर दुसऱ्या दिवसापासून दूध घालायच्या बंद झाल्या.

गटातली एक आजी मात्र म्हणाली, "चार अंश कुठलं? वरचं का तळाचं?" आजी शाळेत गेलेली नाही. पण तिनं जन्मभर विहिरीत पोहणारी पोरं बघितली आहेत. वर पाणी कोमट आणि खाली पाय गारठतात, हे तिला ठाऊक.

आम्ही टाकीत 300 लिटर पाणी भरलं. दूध ढवळायचा जो पंखा असतो, तो बंद ठेवून कूलर चालू केला. तासाभरानं पॅनलवर 6 अंश आले. दांड्याला डेअरीचं थर्मामीटर बांधून वरच्या थरात धरलं, तर 19. त्या टाकीचा सेन्सर तळाशी आहे. थंड दूध जड, ते खाली बसतं. तळ गार झाला की मशीन समजतं काम झालं आणि बंद होतं. वरचं दूध रात्रभर कोमट. हे सगळं मेकॅनिकला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा केलं. तो म्हणाला, पंखा बंद असेल तर असं होणारच. आम्ही विचारलं, मग त्या रात्री पंखा का बंद पडला?

त्याचं उत्तर पुन्हा व्होल्टेजमध्ये निघालं. व्होल्टेज उतरलं की मोटार जास्त प्रवाह ओढते, तापते, आणि तिची सुरक्षा यंत्रणा तिला बंद करते. केंद्र वस्तीच्या टोकाला आहे. याआधी तक्रार केली होती, तेव्हा लाईनमननं डीपीजवळ मोजून 231 व्होल्ट दाखवले होते आणि तक्रार निकाली निघाली होती. या वेळी आम्ही प्लगमध्ये लावायचं साधं व्होल्टमीटर आणलं आणि केंद्राच्या बोर्डावर 15 दिवस रोज चार वेळा आकडा वहीत लिहिला. दुपारी 220 च्या आसपास. संध्याकाळी मोटारींच्या वेळेला 178, एकदा 171. नियमाप्रमाणे 230 च्या 6 टक्के वर-खाली चालतं, म्हणजे साधारण 216 ते 244. ती वही, तारीख-वेळेसह, अर्जाला जोडून दिली. अर्ज देताना पोच घेतली, हे सांगायला नकोच.

अर्जाचं उत्तर अजून यायचं आहे. त्या दिवसाच्या दुधाचे पैसेही मिळालेले नाहीत, कंपनीशी बोलणं चालू आहे. पण त्या दोघी पुन्हा दूध घालायला लागल्या आहेत. आणि आता केंद्रावर पॅनलच्या आकड्यावर कुणी विसंबत नाही. ज्या ताईची पाळी असेल ती रात्री 9 वाजता पंखा फिरतोय का ते बघते, वरच्या थराचं तापमान घेते आणि सही करते. पंख्यासाठी वेगळा दिवा बसवला आहे, बंद पडला की लाल लागतो. त्याला 200 रुपयेसुद्धा लागले नाहीत.

या सगळ्यात मला आपल्या गटांच्या अहवालांचीही आठवण आली, ती सांगूनच टाकते. परतफेड 95 टक्के, असं आम्ही वर कळवतो आणि वरून शाबासकी येते. तो आकडा डीपीजवळचा असतो. एखादी बाई आपला हप्ता भरायला सावकाराकडून पैसे उचलते, ते त्या 95 मध्ये बसतं आणि दिसत नाही. मी आता बैठकीत हप्ता भरला का एवढंच विचारत नाही, कुठून भरला हेही विचारते. सगळ्यांसमोर नाही, नंतर, एकटीला. शेजारच्या घरातलं व्होल्टेज मोजणं आणि चोराचं कान होणं यातलं अंतर कमीच असतं.

ज्या गटांकडे कूलर आहे, त्यांनी हे करून बघा: सेन्सर टाकीत कुठे आहे ते मेकॅनिकला दाखवायला सांगा, आणि पंखा स्वतंत्र तारेवर आहे का ते विचारा. थर्मामीटर घेताना ते बर्फाच्या पाण्यात धरून बघा, 0 च्या जवळ दाखवायला हवं. दोन थर्मामीटर वेगवेगळे आकडे दाखवत असतील तर फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्या माद्रिदवाल्यांनीही प्रत्येक गोलासाठी हेच केलं होतं.

आणि 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. त्या सुमारास खोडदची दुर्बीण बघायला लोकांना जाता येतं, शाळांचीही प्रदर्शनं असतात. मागे आमच्यातल्या काही जणी गेल्या होत्या, डिशा बघून आल्या. या वेळी आत त्या चिपा कुठे असतात आणि त्या तापल्या की काय करता, हे विचारायचं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आपल्या गटाच्या सचिवाकडे नाव द्या. जीपचं भाडं वाटून घेऊ, डबा ज्याचा त्यानं आणायचा.